ओव्हिडच्या ओळीतून चित्र कसं निघतं: पहिल्या वाचनापासून रंगाच्या शेवटच्या हातापर्यंत

अ‍ॅक्टिऑनची गोष्ट (शिकारीला निघालेला हा तरुण वाट चुकून डायना देवीला अंघोळ करताना पाहतो, ती त्याला हरीण करते आणि त्याचीच कुत्री त्याला फाडतात) मी पहिल्यांदा चितारली तेव्हा कवितेत जे जे होतं ते सगळं कागदावर घेतलं. गुहा, झरा, अंघोळ करणारी देवी, तिच्या सख्या, उडालेलं पाणी, त्या तरुणाच्या डोक्यावर फुटणारी शिंगं आणि मागून धावत येणारी कुत्री. एकही तपशील सुटला नव्हता. आमच्या सरांनी तो कागद बराच वेळ पाहिला आणि एवढंच विचारलं, "यातलं मी आधी काय पाहू?" माझ्याकडे उत्तर नव्हतं.

त्यानंतर कितीतरी वर्षं मी एकाच प्रश्नाच्या मागे आहे: जुन्या काव्यातली कथा चित्रात आणताना मोठे चित्रकार नेमकं काय करतात? हा लेख त्यातून हाती लागलेल्या पद्धतीबद्दल आहे. चित्र काढणाऱ्यांना ती पायरीपायरीने वापरता येईल. चित्रं फक्त पाहणाऱ्यांनाही ती उलट दिशेने, म्हणजे चित्राकडून कवितेकडे जाताना, उपयोगी पडेल. मुख्य उदाहरण एकच घेतलंय, कारण एक चित्र नीट उलगडलं की बाकीची आपोआप उलगडू लागतात.

कविता रोमन कवी ओव्हिडची. रूपांतरांच्या कथांचं त्याचं महाकाव्य इ.स. ८ च्या सुमारास पूर्ण झालं. त्यात १५ सर्ग आहेत, जवळजवळ १२ हजार ओळी आहेत आणि अडीचशेच्या आसपास कथा आहेत. चित्र व्हेनिसच्या टिशियनचं, 'डायना आणि अ‍ॅक्टिऑन'. स्पेनचा राजा दुसरा फिलिप याच्यासाठी त्याने ओव्हिडच्या कथांवर मोठी चित्रं केली, त्यांतलं हे एक. १५५६ ते १५५९ या काळातलं, साधारण १८५ बाय २०२ सेंटिमीटरचं. लंडनची नॅशनल गॅलरी आणि स्कॉटलंडची राष्ट्रीय कलादालनं यांची त्यावर मिळून मालकी आहे. टिशियन या चित्रांना 'पोएझिए', म्हणजे 'कविता', म्हणायचा. साठी उलटलेल्या, युरोपभर नाव झालेल्या चित्रकाराने आपल्या रंगकामाला कविता म्हणावं, हे मला आजही फार मोठं वाटतं.

आधी वाचा, पण पेन्सिल हातात घेऊन

मूळ लॅटिन येत नाही म्हणून अडून राहू नका. टिशियनलाही लॅटिन वाचता येत नसावं असं अभ्यासक मानतात. त्याच्या काळात ओव्हिडची इटालियन रूपांतरं छापून आली होती, तीच त्याच्या हाताशी होती. आपल्याला इंग्रजी भाषांतरं सहज मिळतात. दोन वेगवेगळी घ्या. जिथे दोघांचे शब्द जुळत नाहीत तिथे मूळ ओळीत काहीतरी दाट आहे असं समजा आणि तिथे थांबा.

गोष्ट तिसऱ्या सर्गात आहे, शंभर-सव्वाशे ओळींची. पहिल्यांदा सलग वाचा. दुसऱ्या वाचनाला कागदाचे तीन रकाने पाडा आणि त्यांना नावं द्या: 'दिसतं', 'ऐकू येतं', 'फक्त कळतं'.

पहिला रकाना भराभर भरतो. भर दुपार, सावल्या आखडलेल्या. पाइन आणि सायप्रसची दाट झाडी असलेली दरी. तिच्या टोकाला गुहा. ती कुणी बांधलेली नाही, पण निसर्गानेच कलेची नक्कल करून कमान घडवलीय असं कवी म्हणतो. स्वच्छ पाण्याचा झरा. एक सखी डायनाची शस्त्रं सांभाळते, एक वस्त्र घेते, दोघी पायांतले बंद सोडतात, एक केस बांधते, बाकीच्या पाणी ओततात.

दुसऱ्या रकान्यात सख्यांचा आकांत, कुत्र्यांचं भुंकणं आणि देवीचं ते एक वाक्य येतं: मला विवस्त्र पाहिलंस हे आता जाऊन सांग, सांगता आलं तर.

तिसरा रकाना सगळ्यात महत्त्वाचा. या मुलाला नशीब तिथे घेऊन आलं. त्याचा अपराध नव्हता. ओव्हिड गोष्टीच्या सुरुवातीलाच विचारतो की वाट चुकण्यात कसला आलाय गुन्हा? आणि शेवटी, शरीर हरणाचं झालं तरी मन माणसाचंच राहिलं. यातलं काहीही डोळ्यांना दिसत नाही. पहिला रकाना कुणीही चितारू शकतो, मीही चितारला होता. चित्रकाराची खरी परीक्षा तिसऱ्या रकान्यात असते. तिथली ओळ जशीच्या तशी कॅनव्हासवर येत नाही. तिचं काम करील अशी एखादी वस्तू, एखादा हात, एखादा रंग शोधावा लागतो.

क्षण निवडा, आणि शक्यतो अलीकडचा

कवितेला वेळ असतो. चित्राला एकच क्षण मिळतो. अ‍ॅक्टिऑनच्या गोष्टीत असे किमान पाच क्षण आहेत: निवांत चाललेली अंघोळ, त्याचं अचानक येणं, पाण्याचा सपकारा, पाण्यात स्वतःचं शिंगं फुटलेलं रूप दिसणं आणि कुत्र्यांनी फाडणं. पुष्कळ चित्रकारांनी तिसरा घेतला, कारण शिंगं दाखवली की गोष्ट लगेच ओळखू येते. टिशियनने दुसरा घेतला. त्याच्या चित्रात अजून काहीच बिघडलेलं नाही. अ‍ॅक्टिऑन नुकताच आलाय, हात वर उचलले गेलेत. तो अजून पूर्ण माणूस आहे.

घटना घडण्याच्या जरा अलीकडे थांबलं की उरलेली गोष्ट बघणाऱ्याच्या मनात घडते. प्राचीन ग्रीक चित्रकार टिमोमाकस याने पोटच्या मुलांना मारणारी कथेतली मीडिया चितारली ती त्यांना मारताना नव्हे, मारण्याआधीच्या घालमेलीत. त्याची तारीफ प्राचीन काळापासून होत आलीय ती यासाठीच.

हे आपल्याला परकं वाटायचं कारण नाही. राजा रविवर्म्याची शकुंतला आठवा. १८९४ मध्ये मुंबईत सुरू झालेल्या आणि पुढे लोणावळ्याजवळ मळवलीला गेलेल्या त्याच्या छापखान्यातून निघालेल्या चित्रांनी मराठी घरांच्या भिंती भरून गेल्या होत्या. पायात दर्भाचा काटा रुतल्याचं निमित्त करून ती मागे वळून पाहते. कालिदासाच्या नाटकात हा प्रसंग दुष्यंत दुसऱ्या अंकात आठवून सांगतो, रविवर्मा तो आपल्या डोळ्यांसमोर घडवतो आणि दुष्यंताला चौकटीबाहेर ठेवतो. लग्न नाही, शाप नाही, अंगठी नाही. मान वळली आहे, तेवढंच.

करून पाहायचं ते असं: तुमच्या कथेतले पाच क्षण पाच काडेपेट्यांएवढ्या चौकटींत काढा. प्रत्येकाला दोन मिनिटं. मग प्रत्येक चौकटीला विचारा, पुढचं अजून शिल्लक आहे का? ज्यात काहीच शिल्लक नाही ती बाद.

तिसऱ्या रकान्यासाठी वस्तू शोधा

इथे मी जरा रेंगाळणार आहे.

टिशियनच्या चित्रात डावीकडे झाडांमधून एक गुलाबी-लाल पडदा टांगलेला आहे. अ‍ॅक्टिऑनच्या येण्याने तो बाजूला सरलाय. हा पडदा ओव्हिडमध्ये कुठेही नाही. रानातल्या झऱ्यावर पडदा कोण टांगणार? पण ओव्हिडकडे 'नशिबाने त्याला तिथे नेलं' असं म्हणायला शब्द होते, चित्रकाराकडे नव्हते. पडदा ते काम करतो. पडदा बाजूला झाला की जे दिसायला नको ते दिसतं, आणि एकदा दिसलं की न दिसल्यासारखं करता येत नाही. अख्ख्या गोष्टीचा गाभा एका कापडात आला.

त्या कापडाच्या रंगाबद्दल माझी स्वतःची एक समजूत आहे. डायना लाजेने लाल होते तेव्हा ओव्हिड उपमा देतो: समोरून सूर्याचे किरण पडलेल्या ढगांसारखी, पहाटेसारखी. उपमा रंगवता येत नाही. देवीच्या गालावर तेवढा लाल रंग चढवला असता तर ती आजारी दिसली असती. मला वाटतं, टिशियनने ती लाली गालावरून काढून पडद्यावर पसरली.

आता त्या दगडी खांबावर पाहा. वर हरणाची कवटी ठेवलेली आहे, शिंगांसकट. जवळच फांद्यांवर शिकारीची कातडी टांगलेली आहेत. डायना शिकारीची देवी, तेव्हा तिच्या जागेत हे असणारच, असं पहिल्यांदा वाटतं. गोष्ट ठाऊक असलेल्याला मात्र धस्स होतं, कारण ते त्या तरुणाचं उद्याचं रूप आहे. कवितेत पन्नास ओळींनंतर येणारी गोष्ट चित्रात त्याच क्षणी, डोक्यावर, शांतपणे हजर आहे. पुढे काय होणार हे दाखवायला चित्रकाराने काळ हलवला नाही, एक वस्तू ठेवली.

आणि कुत्री. ओव्हिड तीसहून अधिक कुत्र्यांची नावं देतो, रंग आणि स्वभावासकट: पांढऱ्या केसांचा ल्यूकॉन, काजळीसारखा अ‍ॅस्बोलस, सगळं खाणारा पॅम्फेगस. कवितेत ही यादी भयंकर वाटते, कारण नावं संपतच नाहीत आणि ही सगळी त्याने स्वतः पाळलेली आहेत. चित्रात तीस कुत्री घातली तर बाजार भरेल. टिशियनने अ‍ॅक्टिऑनच्या पायाशी त्याचा शिकारी कुत्रा ठेवला आणि पलीकडे डायनाचं एक इवलंसं कुत्रं, त्याच्यावर भुंकणारं. धन्याचा शेवट कुणाच्या दातांनी होणार हे कळायला तेवढं पुरतं.

म्हणून तिसऱ्या रकान्यातल्या प्रत्येक ओळीसमोर तीन-तीन वस्तू लिहून काढा. पहिली सुचेल ती बहुधा सर्वांनाच सुचते. तिसरीपर्यंत जा. वस्तू त्या जागेत असण्याला निमित्त हवं, हेही लक्षात ठेवा. कवटी शिकारीच्या देवीकडे शोभते. ती न्हाणीघरात ठेवली असती तर नुसती खूण झाली असती.

कोण कुणाकडे पाहतंय ते आधी ठरवा

माणसं कशी उभी आहेत त्याआधी त्यांच्या नजरा आखा. कागदावर माणसांच्या जागी ठिपके द्या आणि प्रत्येकातून नजरेचा बाण काढा. टिशियनच्या चित्राचा असा नकाशा काढून पाहिलात तर लगेच कळतं: एक बाण डावीकडून उजवीकडे जातो, एक उजवीकडून तिरपा परत येतो आणि बाकीचे विस्कळीत होतात. ओव्हिडची डायना कुशीवर वळते आणि मान मागे फिरवते. टिशियनची डायना वस्त्र वर उचलून आड होते आणि डोळ्याच्या कोपऱ्यातून पाहते. त्या एका तिरप्या नजरेत शिक्षा ठरून गेलेली आहे. एक सखी खांबाआडून डोकावते, एकीचं अजून देवीचा पाय पुसणं चाललंय. भीती सगळ्यांपर्यंत एकाच वेळी पोचत नसते, हे त्याला ठाऊक होतं.

अ‍ॅक्टिऑनचे हात वर आहेत, तळवे उघडे. त्यात हाव नाही, दचकणं आहे. 'गुन्हा कसला?' हा ओव्हिडचा प्रश्न त्या दोन हातांत आहे. कवीचा न्याय तुमच्या चित्रात कुणाच्या देहबोलीतून बोलणार, हे रंगाला हात लावण्याआधी ठरलेलं असावं.

नजरा न जुळवूनही गोष्ट सांगता येते. बापाबरोबर पंख लावून उडालेला इकॅरस समुद्रात पडतो ती कथा ओव्हिडच्या आठव्या सर्गात आहे. तिथे मासे धरणारा, मेंढपाळ आणि नांगरणारा शेतकरी उडणाऱ्या बापलेकांकडे थक्क होऊन पाहतात, त्यांना देव समजतात. ब्रसेल्सच्या राजेशाही संग्रहालयात चित्रकार ब्रूगेलच्या नावाने ओळखलं जाणारं जे चित्र आहे त्यात हे तिघेही हजर आहेत, पण बुडणाऱ्या पोराकडे एकाचंही लक्ष नाही. शेतकरी मान खाली घालून नांगरतोय. कोपऱ्यात, पाण्यावर, फक्त दोन पाय दिसतात. पात्रं कवीचीच ठेवली, नजरा तेवढ्या काढून घेतल्या, आणि कथेचा अर्थच फिरला.

कवीपासून कुठे फारकत घ्यायची

कवीशी प्रामाणिक राहणं म्हणजे त्याच्या प्रत्येक शब्दाला बांधून घेणं नव्हे. ओव्हिडमध्ये प्रेमाची देवी व्हीनस आपल्या प्रियकराला, अडोनिसला, सावध करते आणि आपल्या रथातून निघून जाते, मग तो शिकारीला जातो. टिशियनने उलट केलं: अडोनिस निघालाय आणि व्हीनस त्याला मिठी मारून अडवतेय. यावर १५८४ मध्ये बोर्गिनी नावाच्या लेखकाने आक्षेपही घेतला होता. पण व्हीनसची पाठ आपल्याकडे करण्याचं कारण टिशियनने राजाला पत्रातून सांगितलं होतं: आधीच्या, 'डॅनी' या राजकन्येच्या चित्रात देह समोरून होता, म्हणून इथे वेगळ्या बाजूने दाखवला.

'अ‍ॅक्टिऑनचा मृत्यू' हे त्याचं पुढचं चित्र लंडनला आहे. ओव्हिडमध्ये अ‍ॅक्टिऑन पूर्ण हरीण झालेला असतो आणि डायना तिथे नसतेच. टिशियनने त्याला माणसाचं शरीर आणि हरणाचं डोकं दिलं. नुसतं हरीण काढलं असतं तर ती एक साधी शिकार झाली असती. 'मन माणसाचंच राहिलं' ही ओळ कुठून कळणार? आणि डायनाला त्याने धनुष्यासह समोर आणून उभं केलं. त्या धनुष्याला प्रत्यंचा दिसत नाही. मला ते अपुरं वाटत नाही. बाण सुटून गेलाय, अपराध कुठे होता हा प्रश्न तेवढा हवेत राहिलाय, असं वाटतं.

फारकतीची आणखी एक बाजू आहे आणि ती टाळून चालणार नाही. या कथांत देव बायकांना पळवतात, फसवतात, त्यांच्यावर बळजबरी करतात. जुन्या चित्रांनी ते पुष्कळदा मखमलीत गुंडाळलं. पण ओव्हिडनेच सहाव्या सर्गात अ‍ॅराक्नी नावाची विणकर मुलगी आणलीय, जी मागावर देवांचे हेच अपराध विणते आणि त्याची शिक्षा भोगते. तिने विणलेलं पहिलं दृश्य म्हणजे बैलाचं रूप घेतलेल्या देवाने पळवलेली युरोपा. स्पॅनिश चित्रकार वेलास्केझने माद्रिदमधल्या 'सूत कातणाऱ्या बायका' या चित्रात मागच्या भिंतीवर तेच विणकाम टांगलं आणि त्यासाठी टिशियनच्या चित्रातली युरोपा घेतली. अ‍ॅराक्नीच्या हाताला टिशियनचा हात दिला. तुम्ही आज अशी कथा निवडणार असाल तर चित्र कुणाच्या बाजूला उभं राहून काढताय, हे स्वतःला विचारल्याशिवाय कोळशाला हात लावू नका.

मातीची माणसं, बुटांचा खोका आणि मोबाइलचा टॉर्च

फ्रेंच चित्रकार पूसँ मेणाच्या छोट्या बाहुल्या करून खोक्यात रंगमंचासारख्या मांडायचा आणि उजेड कसा पडतो ते बघायचा. व्हेनिसचा टिंटोरेटोही असंच करायचा. आपल्याकडे त्यासाठी शाडू आहे. बोटभर उंचीची माणसं करा. नाक-डोळे नकोत, मान, पाठ आणि हात एवढंच नेमकं हवं. बुटांच्या खोक्याची एक बाजू कापा, आत माणसं मांडा आणि मोबाइलचा टॉर्च डावीकडून, उजवीकडून, वरून धरून पाहा. ओव्हिडने भर दुपार सांगितलीय म्हणून उजेड वरूनच हवा असं नाही, पण सावल्या कुणाच्या अंगावर पडतात यावर अर्थ बदलतो. माझ्या एका प्रयत्नात देवीची सावली नेमकी त्या मुलाच्या पायापर्यंत पोचली. ती कागदावर मला कधीच सुचली नसती.

ओव्हिडची डायना सख्यांहून डोक्याने उंच आहे. सगळ्या वाकल्या-बसलेल्या असताना ही उंची कशी दाखवायची, हा प्रश्न खोक्यात पाच मिनिटांत सुटतो, नुसत्या रेखाटनात तासभर घेतो.

हवेचा विचारही इथेच करा. पिरॅमस आणि थिस्बी या प्रेमिकांची गोष्ट ओव्हिडने चांदण्या रात्री घडवली. पूसँने १६५१ मध्ये ती चितारताना आभाळात वादळ आणलं, विजा पाडल्या, झाडं वाकवली. आणि मधलं तळं मात्र निश्चल ठेवलं. ते तळं पाहताना मी अजून अस्वस्थ होतो.

रंगाचं काम

तैलरंगात करत असाल तर घाई नको. टिशियनच्या कामाचं एक वर्णन त्याचा शिष्य धाकटा पाल्मा याच्याकडून आलेलं आहे. आधी तो रंगाचे मोठे थर देऊन चित्राचा पाया घालायचा, मग कॅनव्हास भिंतीकडे तोंड करून ठेवायचा, कधीकधी कित्येक महिने. पुन्हा फिरवला की जणू तो आपला कट्टर शत्रू आहे अशा नजरेने त्याचे दोष हुडकायचा. शेवटी शेवटी तर ब्रशपेक्षा बोटांनीच जास्त काम करायचा.

महिने नाही, तरी तीन आठवडे चित्र भिंतीकडे वळवून ठेवा. त्या काळात कविता पुन्हा वाचा, चित्र पाहू नका. परत फिरवाल तेव्हा कवितेतलं जे चित्रात नुसतंच 'आहे' ते डोळ्यांत खुपेल. ते पुसा. पहिल्या वेळी मी दोन सख्या आणि एक झाड पुसलं. पुसताना जीव तुटला, पण मधली मोकळी जागा मिळाली आणि त्या दोघांमधलं अंतर पहिल्यांदा जाणवलं.

दाखवा, पण गोष्ट न सांगता

चित्र पुरं झालं की गोष्ट माहीत नसलेल्या माणसासमोर ठेवा. 'हे कोण आहेत?' असं विचारू नका. 'आता काय होईल?' असं विचारा. नावं न कळली तरी हरकत नाही, पुढचं कळायला हवं.

माझ्याकडे शिकायला येणाऱ्या एका मुलीने टिशियनच्या चित्राची छापील प्रत घरी नेली आणि हा प्रयोग आजीवर केला. आजींनी ओव्हिडचं नावही ऐकलेलं नव्हतं. त्यांनी आधी पडदा पाहिला, मग त्या मुलाचे हात, मग देवीचा चेहरा. मग चष्मा वर करून खांबाकडे बोट दाखवलं आणि म्हणाल्या, "ते हरणाचं मुंडकं ठेवलंय ना तिथे, म्हणजे या पोराचं काही खरं नाही."